प्रकाशकाकडे महिनाभराची उमेदवारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मुलगा बारावी झाला की आपल्या घरात ठरावीक रस्त्यांचीच चर्चा होते: डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर आखातातील नोकरी. मुलगी असेल तर शिक्षिका. हे रस्ते चांगलेच आहेत. परंतु ज्या धर्मातील पहिलाच आदेश वाचण्याचा आहे, त्याच्या अनुयायांच्या मुलांना पुस्तक कसे तयार होते हे ठाऊक नसावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. म्हणून एक साधी सूचना मांडतो. भाषा आणि इतिहास शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एका सुट्टीत तीन-चार आठवडे एखाद्या मराठी प्रकाशन संस्थेत उमेदवारी करावी.

तेथे काय शिकायला मिळते? पहिली गोष्ट म्हणजे लेखकाने लिहिले आणि पुस्तक झाले, असे होत नाही. मध्ये संपादक असतो. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत (१९२३-२००७) हे लेखकाबरोबर बसून हस्तलिखितावर बारकाईने काम करणारे संपादक म्हणून ओळखले गेले. दुसरी गोष्ट मुद्रितशोधन. आपण एरवी अर्थ वाचतो. मुद्रितशोधकाला अक्षर न् अक्षर वाचावे लागते. तिसरी गोष्ट हिशेब. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. १६० पानांचे दहा फर्मे होतात. मजकूर १६३ पानांवर गेला तर तीन पानांसाठी आणखी कागद घालावा लागतो, नाहीतर तीन पाने कमी करावी लागतात. पुढे बांधणी, विक्रेत्याचे कमिशन, पुस्तकाचा तेरा अंकी आय.एस.बी.एन. क्रमांक, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व मुंबई, दिल्ली, चेन्नई येथील ग्रंथालयांना पाठवावयाच्या प्रती, अशी कामे असतात. महिनाभरात यात कोणी तरबेज होत नाही. पण कामाची ओळख होते आणि आपला कल कळतो.

कोणी म्हणेल, तेथे आपल्या मुलांना कोण विचारणार? मित्रांनो, तुमच्याजवळ एक भांडवल आहे, त्याची तुम्हालाच जाणीव नाही. तुम्ही शाळेत मराठी शिकता आणि घरी उर्दू ऐकता. मराठीत नुक्ता लिहिण्याची पद्धत नाही. त्यामुळे ‘थोर’ या अर्थाचे नाव जलील आणि ‘नीच, अपमानित’ या अर्थाचा शब्द जलील, हे दोन्ही एकसारखेच छापले जातात. भाषांतर करणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर एखाद्या सज्जनाच्या नावाचा अपमान होतो. सनावळीचेही तसेच. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हिजरी १००० हे वर्ष इसवी सन १५९१ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. नुसते ६२२ मिळवणारा मात्र १६२२ लिहून मोकळा होतो. आपल्याविषयी पुस्तकांत चुकीचे छापून येते, अशी तक्रार आपण चहाच्या टेबलावर करतो. पुस्तक बाजारात आल्यावर तक्रार करण्यापेक्षा मुद्रिते तपासली जातात त्या टेबलाशी आपला माणूस असणे अधिक उपयोगाचे आहे.

हे क्षेत्र परके नाही. १८५८ साली लखनौत मुन्शी नवल किशोर यांनी छापखाना काढला. ते हिंदू होते; पण त्यांनी कुराण छापले, फारसी-अरबी ग्रंथ छापले आणि त्यासाठी मौलवी व कातिब कामाला ठेवले. तेथे दोन्ही समाजांचे जाणकार एका छपराखाली काम करीत. जाणकाराला मान मिळतो, हा त्याचा अर्थ.

पालकांना विनंती अशी की, या दिवसांचा मोबदला मिळेलच असे धरून चालू नका. कामाच्या वेळा, काम कोणाच्या हाताखाली करायचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळेल की नाही, हे आधी विचारून घ्या. मुलगी जाणार असेल तर एकदा तिच्याबरोबर जाऊन कार्यालय पाहून या. मात्र ‘मुलीला कशाला’ म्हणून दार बंद करू नका.

विद्यार्थ्यांनो, जाताना त्या प्रकाशकाची दोन पुस्तके वाचून जा. पत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या भाषेत लिहा. पार्सले बांधायला सांगितली तर तीही बांधा. पुस्तक कोणत्या गावी जाते हे त्यातूनच समजते. शंका आली तर शब्दकोश उघडा, आणि दुरुस्ती सुचवताना आधार दाखवा.

संस्थेकडे माझी एकच मागणी आहे. दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी निवडून त्यांचा जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च संस्थेने उचलावा. ही रक्कम मोठी नाही. समारंभातील हारतुऱ्यांचा खर्च थोडा आवरला तरी तिची सुरुवात होईल, आणि इन्शाअल्लाह, काही वर्षांनी एखाद्या चांगल्या मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीत आपल्या शाळेतल्या मुलीचे नाव संपादक म्हणून वाचायला मिळेल.