मोशेला अहरोन हवा

(शनिवारी रात्री हवदाला झाल्यानंतर महिला मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



मी डॉक्टर नाही, विदुषीही नाही. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली, १९७४ साली इस्रायलात आले आणि निवृत्तीपर्यंत दक्षिणेकडील एका गावात नोकरी केली. त्यातील बहुतेक काळ टिपत हलावमध्ये गेला. किती बालकांची वजने घेतली, कोण केव्हा चालू लागले, कोण केव्हा बोलू लागले याच्या किती नोंदी केल्या, याची गणती नाही. असे असूनही माझ्याच घरातील एक मूल मला ओळखता आले नाही. आज तेच सांगणार आहे. माझ्या थोरल्या मुलाची परवानगी घेऊनच बोलत आहे.

तो दालेत लिहावयाचा तेथे रेश लिहीत असे आणि बेतच्या जागी काफ. लहान इयत्तांत अक्षरांखाली निकूद असते, तोवर त्याने पाठांतराच्या बळावर निभावून नेले. पुढे पुस्तकांतून निकूद गेले आणि त्याचे वाचन जागच्या जागी थांबले. सारे म्हणाले, मुलगा आळशी आहे. मीही म्हणाले. एका रात्री एकच ओळ दहा वेळा चुकली, तेव्हा मी फूटपट्टीने त्याच्या हातावर मारले. दिवसभर परक्यांची मुले मांडीवर घेणारा हाच माझा हात.

नंतर शाळेतून सल्ला आला की घरात दोन भाषा असल्यामुळे मुलाचा गोंधळ होतो, तेव्हा मराठी बंद करा. आम्ही नवे आलेले लोक, मान खाली घालून ऐकले. माझ्या सासूबाईंना मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. रोज रात्री नातवाला कोकणातील गोष्टी सांगणारी ती आजी एकाच घरात त्याला परकी झाली. वाचन तर सुधारले नाहीच. घरात दोन भाषा बोलल्याने हा दोष उत्पन्न होत नाही, हे आज तज्ज्ञ निःशंकपणे सांगतात. ते मला फार उशिरा कळले.

या स्थितीला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी कमी नसते. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालण्याचे काम मेंदूला जड जाते. पुष्कळदा ते घराण्यात उतरते. ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो ती, किंवा अवधान न टिकणे आणि अतिचंचलता, या अवस्था निराळ्या आहेत. परंतु या सर्वांना सामावून घेणारा न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. तो घडविण्याचे श्रेय बहुधा ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांना दिले जाते. मेंदू नाना तऱ्हांचे असतात आणि वेगळा म्हणजे उणा नव्हे, असा त्याचा आशय. आपल्याला हे जड जाऊ नये. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. वेगळेपण सांभाळूनच त्यांनी धंदा केला.

मुलगा अकरा वर्षांचा असताना आमच्या छतावरील दूद शेमेशची टाकी गळू लागली. दुरुस्तीला आलेल्या कारागिराजवळ तो दोन तास उभा राहिला. खाली येऊन त्याने वहीच्या पाठीमागे थंड पाणी कोठून शिरते, ऊन पाणी कोठून निघते, याचे चित्र काढले. एक नळी चुकली नव्हती. मी पाहिले आणि म्हणाले, "पुरे, आता गृहपाठ कर."

सैन्यातून सुटल्यावर त्याने याच टाक्या बसविण्याचा धंदा काढला. ज्या छतावर इतरांना जागा दिसत नसे तेथे त्याला मार्ग दिसे. कामे भरपूर मिळाली, पण पहिल्या वर्षी हाती पैसा उरला नाही. बिले लिहिलेलीच नव्हती, मआमचे विवरण वेळेवर गेले नाही, दंड बसला. धंदा बंद करण्याची पाळी आली, तेव्हा माझ्या सुनेने हिशेब हाती घेतला. आज गिऱ्हाईक टाकीचे छायाचित्र पाठविते आणि तो बोलून उत्तर देतो. हाताखाली तीन माणसे आहेत. त्यांतील एक तरुण स्वमग्न आहे आणि सुट्या भागांचे कोठार सांभाळतो. दिवसाचे काम त्याला सकाळी कागदावर क्रमाने लिहून द्यावे लागते आणि मध्येच बदलता येत नाही. एवढी सोय केली की कोठारात एक चकती इकडची तिकडे होत नाही.

आता मोशे रब्बेनूंकडे पाहा. आपण जड जिभेचे आहोत, असे त्यांनी देवाला सांगितले. देवाने त्यांची जीभ हलकी केली नाही आणि त्यांना परतही पाठविले नाही. बोलण्यासाठी भाऊ अहरोन दिला. कामगिरी मात्र मोशेचीच राहिली.

थोरामोठ्यांच्या कथा नीट पाहिल्या तर त्यांतही कोठेतरी अहरोन असतो. रिचर्ड ब्रॅन्सन यांना डिस्लेक्सिया आहे. पन्नाशीपर्यंत त्यांना ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतील भेद उमजत नव्हता, असे ते स्वतः सांगतात. एका सहकाऱ्याने समुद्र, जाळे आणि मासे यांचे चित्र काढून दाखविले: जाळ्यात आला तो तुमचा नफा, बाहेर राहिला तो नव्हे. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या १९४७ साली जन्मलेल्या स्वमग्न विदुषी तीन वर्षांच्या होऊन गेल्या तरी बोलत नव्हत्या. त्या चित्रांत विचार करतात. जनावर कशाने बिचकते हे त्यांनी ओळखले, गुरे हाताळण्याच्या यंत्रणा रचल्या आणि त्याचा व्यवसाय उभारला. कोशेर कत्तलखान्यांत जनावराला कमी भय वाटावे, यासाठीही त्यांनी काम केले. त्यांच्या पाठीशी हट्टी आई आणि विज्ञानाचे एक शिक्षक होते. आपल्याच देशात २०१३ साली "रोईम राखोक", म्हणजे दूरवर पाहणारे, हा उपक्रम सुरू झाला. स्वमग्न तरुणांना शिकवून त्यांना सैन्यात हवाई छायाचित्रे तपासण्याचे काम देण्यात आले. ज्या बारीक नजरेला घरी "वेड" म्हटले जाई, तिला तेथे काम मिळाले.

परंतु भगिनींनो, येथे एक इशारा देते. अशी प्रत्येक व्यक्ती प्रज्ञावंत नसते. पुष्कळांचा धंदा बुडतो, काहींना जन्मभर आधार लागतो. नफा मिळविला तरच मूल मोलाचे, असे म्हणू लागलो तर ती माझ्या फूटपट्टीचीच दुसरी बाजू होईल. धंदा न करणाऱ्या मुलालाही अहरोन हवाच असतो.

म्हणून तरुण आईबापांना माझी विनंती आहे. शंका येताच तपासणी करून घ्या. लाजू नका, थांबू नका. मुलाच्या वहीची मागची पानेही पाहा. "याचे काय चुकते?" याआधी "याला कशाची सोय हवी?" असे विचारा. आणि कोणाच्या सांगण्यावरून घरातील मराठी बंद करू नका.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नातू त्यांच्या उशाशी बसे. त्या मराठीत विचारीत, तो हिब्रूत उत्तर देई आणि त्या केवळ मान हलवीत. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आता तो पन्नाशीकडे झुकला आहे. रोज कामावर जाताना मला आवाजी संदेश पाठवितो, मोडक्यातोडक्या मराठीत. लिंग चुकते, वचन चुकते. मी एकही चूक दुरुस्त करीत नाही.