उन्हाळ्यात फुलणारी आमरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी घरच्या बागेविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे शास्त्र काही मी सांगणार नाही. जे स्वतःच्या हाताने केले आणि जाणत्यांना विचारून पक्के करून घेतले, तेवढेच सांगते. विषय आहे ऑर्किडचा. मराठीत त्याला आमरी म्हणतात.

ऑर्किड म्हटले की लग्नाच्या स्टेजवरची ती महागडी जांभळी फुले आपल्याला आठवतात. ही थंड हवेची चैन, आपल्या भुसावळच्या उन्हात कुठली तगणार, असे वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. पण भगिनींनो, नेमक्या अशाच दिवसांत फुलणाऱ्या आमरी आपल्या महाराष्ट्राच्याच आहेत.

त्यांतली पहिली वांदा. ही आंब्याच्या, मोहाच्या जुन्या झाडांवर वाढते. पाने जाड, पन्हळीसारखी, दोन बाजूंना दोन ओळींत. फूल पिवळट-तपकिरी, त्यावर चौकडीच्या लुगड्यासारखी जाळी, मधली पाकळी निळसर-जांभळी, आणि वास गोड. संस्कृतात वंदा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारे झाड. विल्यम जोन्स या इंग्रज संस्कृत पंडिताने अठराव्या शतकाच्या शेवटी हे नाव उचलले आणि आज साऱ्या जगात या जातीला वांदाच म्हणतात. बंगालकडे तिची मुळे रास्ना म्हणून औषधात वापरतात.

दुसरी सीतेची वेणी. पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि घोस असा लोंबतो की गुंफलेला गजराच. आपल्या सह्याद्रीत ती मे-जूनमध्ये फुलते. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथल्या मुली एप्रिलमध्ये बिहूच्या नाचाला ती अंबाड्यात माळतात. ते त्या राज्याचे फूल आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे आंब्यावर असे काही दिसले की म्हणतात, "बांडगूळ आहे, काढून टाका, झाड खाईल." गडी कोयता घेतो आणि वीस-वीस वर्षांची आमरी खाली येते. हा अन्याय आहे. बांडगूळ निराळे आणि आमरी निराळी. बांडगुळाची मुळे सालीच्या आत शिरून झाडाचा रस ओढतात. जिथे ते चिकटते तिथे फांदीला गाठ येते. आमरीची मुळे सालीवरून नुसती पसरतात, आत शिरत नाहीत. ती फांदीकडून फक्त आधार घेते. पाणी पावसाचे आणि दवाचे, खत सालीवर साचलेल्या पाल्या-धुळीचे, अन्न उजेडावर स्वतः केलेले. घरात राहणाऱ्या परतलेल्या नणंदेला, विधवा जावेला किंवा आपल्यासारख्या न कमावणाऱ्या बाईला लोक सहज "बांडगूळ" म्हणून जातात. पहाटेपासून तिचे हात चाललेले असतात, ते कोणी बघत नाही. म्हणून म्हणते, नाव ठेवण्याआधी मुळे कुठे गेली आहेत ते पाहावे.

ही मुळेच आमरीचे सारे गुपित सांगतात. त्यांच्यावर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. कोरडे असले की मूळ पांढरे-राखी दिसते, पाणी प्यायले की हिरवे होते. म्हणून पाणी घालायला घड्याळ नको. मूळ पांढरे दिसले की पाणी द्यावे, हिरवे झाले की थांबावे. शिवाय अशा जाड पानांच्या आमरी दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. उन्हाळ्यात आपणही खिडक्या दुपारी लावून घेतो नि रात्री उघडतो, तसेच हे.

लावायची कशी ते सांगते. कुंडीत माती घालून लावू नये, मुळे कुजतात. आंब्याच्या किंवा बाभळीच्या सालीसकट लाकडावर नारळाच्या काथ्याची पातळ गादी ठेवून, जुन्या सुती कापडाच्या पट्टीने रोप बांधावे. काही महिन्यांत नवी मुळे लाकूड धरतात, मग पट्टी सोडावी. पूर्वेच्या गॅलरीत किंवा कडुनिंबाच्या सावलीत टांगावे. मार्च ते जून सकाळी दहानंतरचे ऊन लागू देऊ नये. हिरवी जाळी लावली तरी चालते. पाने गर्द हिरवी, मऊ झाली तर उजेड कमी पडतो आणि फूल येत नाही. पाने पिवळी पडून लालसर झाली तर ऊन जास्त होते.

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि दिवस मावळताना पाणी द्यावे, भर दुपारी नाही. गाभ्यात पाणी साचू देऊ नये. नळाला पाणी कधी येईल याचा आपल्याकडे नेम नसतो, त्यावर उपाय असा : अर्धी बादली पाण्यात रोप दहा मिनिटे बुडवून काढावे आणि तेच पाणी तुळशीला घालावे. थेंब वाया जात नाही. मात्र घरातल्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी देऊ नये, त्यात क्षार फार असतात. झळा सुरू झाल्या की रोपामागे ओले गोणपाट टांगावे आणि खाली वाळूच्या ताटलीत पाणी ठेवावे. पावसाळ्यात सरळ पावसात सोडावी. हिवाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पुरते. कच्चे शेणखत कधी घालू नये.

रोप आणायचे कुठून? जंगलातून नव्हे. आपल्या जवळ सातपुड्यात यावल अभयारण्य आहे, ते १९६९ साली झाले. अभयारण्यातून झाड काढणे कायद्याने गुन्हा आहे, आणि आमरी जंगलात सहजी परत उगवत नाही. तिच्या एका शेंगेत लाखो बिया, पण त्या धुळीएवढ्या. त्यांच्यात अन्नच नसते. योग्य बुरशीची सोबत मिळेल तेव्हाच त्या रुजतात. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगरच्या खळीवर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवले. तेव्हापासून रोपे बाटलीत तयार करता येतात. अशी रोपवाटिकेची रोपे विकत घ्यावीत. बाजारात कोणी सालीसकट ओरबाडलेली आमरी स्वस्तात विकू लागला तर घेऊ नये. आपण घेतो म्हणून तो ओरबाडतो. स्वतःच्या मळ्यात वादळाने फांदी पडली किंवा रस्त्याकडेचा आंबा तोडला गेला, तर त्यावरची आमरी मालकाला विचारून जरूर वाचवावी.

वांदा जुनी झाली की बुडाशी पिलू फुटते. त्याला स्वतःची तीन-चार मुळे आली की ते वेगळे करता येते. मी एक सुचवते. पुढच्या संक्रांतीला ज्यांच्याकडे पिलू असेल त्यांनी हळदीकुंकवाला ते वाण म्हणून नुसते कबूल करावे. थंडीत रोप हलवू नये, म्हणून द्यायचे मात्र मृग लागल्यावर. दोन-चार वर्षांत आपल्या मंडळाच्या बऱ्याच गॅलऱ्यांत वांदा लटकू लागेल, आणि आंब्यावर कोयता उगारणाऱ्याला "थांबा, ते बांडगूळ नाही" म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक गल्लीत असेल.