अर्जातील रकाना



काही दिवसांपूर्वी माझी नात महाविद्यालयाचा अर्ज भरत होती. वंशाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आजी, इथे आपण काय लिहायचं?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करते.

1922 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या वर्गात सुमारे एक पंचमांश विद्यार्थी ज्यू होते. अध्यक्ष लॉवेल यांना ही संख्या अधिक वाटली. अध्यापकांनी उघड मर्यादा नाकारली. पण अर्जात नवे प्रश्न आले. वंश कोणता? आईचे माहेरचे नाव काय? वडिलांनी नाव बदलले आहे काय? पुढे 1926 साली गुणांच्या जोडीला 'चारित्र्य' आले आणि ज्यूंचा हिस्सा घटला.

अशी चौकशी आपल्याही वाट्याला आली आहे. 1962 साली इस्राएलच्या प्रमुख रब्बीमंडळाने विवाहापूर्वी बेने इस्राएलांच्या मातृकुळाची चौकशी करण्याचा आदेश काढला. मोठ्या आंदोलनानंतर, 1964 साली, सरकारने आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. मात्र आपले हातही स्वच्छ नव्हते. आपल्याच पूर्वजांनी 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद मानून बेटीव्यवहार नाकारला, पंगत वेगळी ठेवली.

29 जून 2023 रोजी येथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली. आपल्यातील अनेकांना आनंद झाला. आशियाई मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण सरासरीने कमी मिळत, हे त्या खटल्यात पुढे आले होते. तो शब्द वाचताना मला 1926 चे 'चारित्र्य' आठवले. तरीही माझा आनंद पूर्ण नाही. कृष्णवर्णीयांना या देशात पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले गेले. ते ऋण एका निकालाने फिटत नाही. शिवाय माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची प्रथा त्या निकालाने बंद झाली नाही. वारशाने मिळालेली ती खुर्ची कोणाची, हेही विचारले पाहिजे.

वॉर्डात दोन रुग्णांचा रक्तदाब सारखाच भरतो. एक नुकताच जिना चढून आलेला असतो, दुसरा रात्रभर पडून असतो. आकडा एकच, अर्थ निराळे. म्हणून आम्ही परिचारिका रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतो. पण तो त्याच्या तोंडून ऐकतो, चेहऱ्यावरून ठरवीत नाही. त्याच निकालात, वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम विद्यार्थ्याने निबंधात स्वतः लिहावा, याला मुभा आहे. मला ती वाट योग्य वाटते.

नातीला मी सांगेन : बाळ, रकान्यात खरे ते लिही, लाजू नकोस. पण निबंधात तुझे स्वतःचे लिही, पूर्वजांच्या दुःखाचे भांडवल करू नकोस. आणि प्रवेश मिळाला, तर शेजारच्या बाकावरील मुलीला "तू कशी आत आलीस?" असे कधीही विचारू नकोस. तो प्रश्न आपण पुष्कळ ऐकला आहे.

शालोम.