रात्री दोनला ‘यस’ कोण म्हणणार?

मागच्या भागात आपण एसएफटीपीने फाइल हाताने पाठवली. आज तेच काम रात्री दोन वाजता क्रॉनकडून करून घ्यायचंय.

आधी माझी चूक सांगते. पगाराची फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. हाताने चालवली की चालायची, क्रॉनमधून पडायची. लॉगमध्ये एकच ओळ: ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’. मी नेटवर शोधलं, ‘स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग’ला ‘नो’ केलं आणि निवांत झोपले. पुढे ऑडिटला आलेल्या बाईंनी विचारलं, “ही फाइल नक्की कुणाकडे जाते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं काय होतं? प्रत्येक सर्व्हरकडे स्वतःची होस्ट की असते. तिचा खाजगी भाग सर्व्हरवरच राहतो, सार्वजनिक भाग आपल्याला मिळतो. पहिल्यांदा जोडताना एसएसएच तिचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, दाखवून विचारतं: याला ओळखता का? आपण न वाचताच ‘यस’ टाइप करतो. मग ती की आपल्या ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये जमा होते. ही फाइल प्रत्येक युजरची वेगळी असते. माझी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये दुसऱ्याच युजरच्या नावाने चालत होती. त्याच्या फाइलमध्ये की नव्हती आणि ‘यस’ म्हणायला समोर कुणी नव्हतं.

तपासणी बंद केली की मध्येच बसलेला तोतया सर्व्हरही चालून जातो. आपण कीने लॉगिन करत असू, तर आपली खाजगी की त्याच्या हाती लागत नाही. पण फाइल लागते! ती कूटबद्ध होऊन जाते खरी, पण पोचते चोराच्या घरी.

मग करायचं काय? एक, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फोन करून ठसा विचारा. ‘एसएसएच-कीजेन’ने तो त्यांना लगेच काढता येतो. दोन, ‘एसएसएच-कीस्कॅन’ने की आणा, तिचा ठसा काढा आणि फोनवरच्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नुसत्या कीस्कॅनवर विसंबू नका. तोतया त्याच वाटेवर बसलेला असेल तर तो स्वतःचीच की देईल. तीन, जुळलेली की स्क्रिप्टच्या युजरच्या ‘नोन होस्ट्स’मध्ये ठेवा. तपासणी ‘यस’, बॅच मोड ‘यस’. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण झाली की नाव बदला. एक्झिट कोड शून्य नसेल, तर स्क्रिप्टने तुम्हाला मेल पाठवलाच पाहिजे.

आणि एक दिवस की बदलली तर? बदलते. गिटहबची आरएसए होस्ट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती, म्हणून 24 मार्च 2023 रोजी त्यांनी ती बदलली. जुनी की जपून ठेवलेल्यांना मोठा इशारा दिसला. गिटहबने नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर दिला होता. तो ताडून पाहायचा, जुनी ओळ काढायची, नवी घालायची. काम पाच मिनिटांचं.

अशा वेळी स्क्रिप्ट थांबली तर चिडू नका. दार उघडण्याआधी “कोण?” असं विचारणं, एवढंच ती तुमच्या वतीने करते आहे. आज घरी गेल्यावर आपल्या स्क्रिप्टांमध्ये तो ‘नो’ शोधा. सापडला, तर उद्या सकाळी पहिला फोन सर्व्हरवाल्यांना.