परक्या भाषेच्या पायऱ्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या मुलीने जर्मन शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा "ही भाषा काय चुलीत घालायची?" असे मीच म्हटले होते. परंतु १५३४ ते १७३९ आपल्या वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळची कितीतरी हकीकत त्यांच्याच भाषेतील कागदांत राहिली. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांना पोर्तुगीज येत होती, म्हणूनच ते दप्तर आपल्याला मराठीत वाचावयास मिळाले.

आज मुंबई विद्यापीठात, कालिना येथे, जर्मन, फ्रेंच, रशियन एम. ए. पर्यंत शिकता येते. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात. पहिल्या दोहोंवर बाजारहाटापुरते बोलता येते. दुभाष्याचे काम करून पोट भरावयाचे, तर पाचवीपर्यंत चढावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

मुलगी दुसऱ्या पायरीवर असतानाच घरात स्थळांची बोलणी निघाली. मी ती लांबणीवर टाकली. भगिनींनो, कामण रोडहून गाडी धरणाऱ्या आपल्या लेकीला अर्ध्या जिन्यावरून खाली बोलावू नका, एवढीच माझी विनंती.