बांधावरचे बारमाही पाहुणे

श्रोते हो, आपल्या बोलीत 'किडा' आणि 'कीड' हे शब्द अगदी शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे झालंय काय, की किडा दिसला की आपल्याला कीडच आठवते आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी पिकविणाऱ्या आपल्या जालना जिल्ह्यात हे स्वाभाविकही आहे. पण बांधावर वर्षभर ये-जा करणाऱ्या या पाहुण्यांत नुकसान करणारे थोडे. बाकीचे उपयोगाचे, नाही तर नुसते पाहत राहावे असे. त्यांतल्या काहींची आज ऋतुवार ओळख करून घेऊ.

सुरुवात अर्थातच मृगापासून. जूनमध्ये एखादी चांगली सर पडून गेली, की ओल्या मातीवर लाल मखमलीचा मणी चालताना दिसतो. हा मृगाचा किडा. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना त्याचे पाय मोजायला सांगा. कीटकाला पाय सहा. इथे भरतील आठ! म्हणजे नावाने किडा असला, तरी हा कोळ्याच्या गोतातला. वर्षाचा बराच काळ तो जमिनीत दडून असतो आणि ओल लागताच वर येतो.

याच दिवसांत शेणाची गोळी ढकलीत नेणारा शेणकिडा पाहा. डोके खाली, मागचे पाय गोळीवर, चाल उलटी. तरी वाट सरळ! हे कसं जमतं? 2013 साली स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी तिकडच्या शेणकिड्यांवर प्रयोग केले. चंद्र नसलेल्या रात्री हे किडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात, असे त्यांना आढळले. ज्याला आपण शेणातला म्हणून नाक मुरडतो, त्याची नजर आकाशगंगेवर असते!

श्रावण-भाद्रपदात मोसंबीच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले, तर जवळ जाऊन पाहा. ती बहुधा अळी असेल. पाखरांनी खाऊ नये म्हणून घेतलेले ते सोंग! मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचलीत तर डोक्यामागून दोन शिंगे काढून उग्र वास सोडते. रोपवाटिकेत ती उपद्रवी खरीच. पण दोन अळ्या बरणीत ठेवा, रोज ताजी पाने द्या, बरणीवर फडके बांधा. कोशातून काळे-पिवळे फुलपाखरू बाहेर येताना ज्या मुलाने पाहिले, त्याला तो धडा पाठ करावा लागत नाही.

पाऊस ओसरू लागला, की माळावर पिवळसर चतुरांचे थवे भिरभिरतात. याच जातीचे चतुर दर ऑक्टोबरात मालदीव बेटांवर उतरतात. तेथे गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. मग हे येतात कोठून? चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि 2009 साली अनुमान मांडले, की हे चतुर भारतातून निघून समुद्र ओलांडतात आणि थेट पूर्व आफ्रिका गाठतात. बोटभर लांबीचाही नाही हा प्रवासी!

मग तूर फुलते आणि माश्यांची लगबग सुरू होते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे चांगले वाण दिले. तुरीचे बी शुद्ध राखायचे, तर फुलांवर जाळी घालून माश्यांना दूर ठेवावे लागते, इतके त्या परागांची सरमिसळ करतात. उलट, संकरित कपाशीचे बी तयार करताना एकेका फुलाला हाताने पराग लावावे लागतात. मधमाशी फुकट करते त्या कामाचे मोल बीजोत्पादनाच्या प्लॉटात राबणाऱ्या बायांना विचारा.

उन्हाळ्यात सारे उजाड झाले, तरी कुंभारीण घरात येतेच. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाचे घर बांधते, आत अंडे घालते, नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळी मरत नाही, म्हणून सडत नाही. पिल्लाला ताजी शिदोरी मिळते!

आता थोडे कळकळीचे. बोंडअळीवर उपाय म्हणून 2002 साली बीटी कपाशी आली. पण 2017 साली गुलाबी बोंडअळीने तिलाही दाद दिली नाही, आणि मराठवाड्यात कपाशीचे मोठे नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा किडा ओळखणे ही नुसती करमणूक नाही. सरसकट विष मारले, की मावा खाणारा ढाल किडाही मरतो आणि माव्याला रान मोकळे होते. म्हणून आधी कामगंध सापळा लावा, त्यात सापडलेले बोंडअळीचे पतंग मोजा. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर मगच फवारणीचा विचार करावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत एक साधी वही ठेवा. कोणता किडा, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर आणि काय करताना दिसला, एवढेच मुलांनी लिहावे. नाव ठाऊक नसेल, तर चित्र काढावे. वर्ष सरेल तेव्हा गावचे स्वतःचे कीटक-पंचांग तयार होईल. आणि शेतकरी बंधूंनो, पंप खांद्यावर घेण्यापूर्वी त्या वहीवाल्या पोराला एकदा शेतात घेऊन जा. पान उलटून पाहायला त्याची नजर तयार झालेली असेल.