सरकारी पुरवठ्यासाठी आपल्या उद्योगाची नोंदणी

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी कित्येकांकडे गांडूळखताचे वाफे आहेत, कोणाची छोटी डाळमिल आहे. माल चांगला तयार होतो, पण अडते ते विक्रीपाशी. दुसरीकडे कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांना आपल्या परिसरात झाडे लावण्यासाठी खत लागते आणि ते निविदा काढून घेतले जाते. शहरातला पुरवठादार तुमच्याच वाफ्यावरून खत उचलून ही निविदा भरू शकतो, तर ती तुम्ही का भरू नये?

पहिली पायरी उद्यम नोंदणीची. जुन्या उद्योग आधारच्या जागी १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आली. आधार आणि पॅन यांच्या आधारे ती संगणकावर होते. कागद जोडावे लागत नाहीत व शुल्क मुळीच नाही. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे मात्र पैसे घेतात, तेव्हा सावध राहावे. सेवा केंद्रचालकाला फॉर्म भरण्याची मजुरी जरूर द्यावी, पण ‘सरकारी फी’ म्हणून कोणी काही मागितल्यास देऊ नये. अडचण आल्यास जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

अर्ज भरताना एका रकान्याकडे नीट लक्ष द्या. आपला व्यवसाय उत्पादनाचा, सेवेचा की व्यापाराचा, हे तेथे विचारलेले असते. घाईत ‘व्यापार’ लिहिले गेले, तर बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच लाभ मिळतो. सरकारी खरेदीतील सवलती व्यापाऱ्याला नाहीत. तुम्ही खत स्वतः तयार करता, डाळ स्वतः भरडता, तर नोंद उत्पादक म्हणूनच झाली पाहिजे. प्रमाणपत्र हाती आल्यावर एवढे तरी वाचून पाहावे.

आता सवलती कोणत्या? केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. ज्या भगिनी प्रत्यक्षात उद्योग चालवतात, त्यांच्याच नावे नोंदणी असावी. आपल्याकडे काम बाईचे आणि सातबाऱ्यापासून सगळे कागद बुवांचे, ही सवय येथे तोट्याची ठरते.

निविदेचा कागद मोफत मिळतो व बयाणा रक्कम भरावी लागत नाही. दराचीही एक सोय आहे. समजा ४० टन खताची निविदा आहे आणि मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, किलोला १० रुपये आला. तुमचा दर साडेअकरा रुपयांपर्यंत असेल, तर १० रुपयांवर उतरण्याची तयारी दाखवून निदान १० टनांचे काम तुम्हाला मिळू शकते. परंतु १० रुपयांत तुमचा खर्च सुटतो का, हे निविदा भरण्यापूर्वीच घरी मांडून पाहा. राज्य सरकारच्या खरेदीचे नियम वेगळे आहेत; तेथे प्रत्येक निविदेच्या अटी स्वतंत्रपणे वाचाव्यात.

केंद्राची बरीच खरेदी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या संकेतस्थळावर होते. तेथे विक्रेता म्हणून वेगळे नाव नोंदवावे लागते. उद्यम प्रमाणपत्र घेतले म्हणजे जेमवर नाव आपोआप चढत नाही. जीएसटी क्रमांक, खताच्या प्रतीचा प्रयोगशाळेचा अहवाल, डाळीसाठी अन्न परवाना, यांपैकी काय लागेल ते निविदेत दिलेले असते. गांडूळखताची प्रत खत नियंत्रण आदेशात ठरवून दिली आहे. ओले खत भरून वजन वाढवणाऱ्याचा माल तेथूनच परत येतो, आणि येण्याजाण्याचे भाडे त्याच्याच अंगावर पडते.

बयाणा माफ असला तरी काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव मागितली जाऊ शकते. ती माफ नाही. शिवाय १० टन खत म्हणजे लाखभर रुपयांचा माल. तो पोचवून पैसे येईपर्यंत शेण, मजुरी, पोती आणि ट्रकभाडे तुम्हालाच सोसायचे आहे. पीककर्जाचा पैसा यात अडकवू नका. हंगामात बियाण्याला हात आखडला, तर निविदेतला नफा काय कामाचा?

पैसे थकले तर सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ तुमच्या बाजूने आहे. लेखी मुदत ठरलेली असो वा नसो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती पोच झाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवली पाहिजे. नाहीतर माल स्वीकारला असेच धरले जाते. म्हणून ट्रक रिकामा होताच चलनावर तारीख, वजन, सही आणि शिक्का घ्यावा. ड्रायव्हरच्या भरवशावर हे काम सोडू नये. पहिल्या एक-दोन खेपांना घरचे माणूस बरोबर पाठवावे. पुढे राज्याच्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे दाद मागायची वेळ आली, तर अर्जाबरोबर हेच चलन जोडायचे असते.